स्वस्त घर आणि घराची प्रतिष्ठा



शाळेने या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास आणि विज्ञान या विषयांवर अनेक अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. माझा व्यवसाय स्थापत्य अभियंत्याचा, आणि आयुष्याची बरीचशी वर्षे घरे, त्यातही लहान घरे, बांधण्यात गेली. तेव्हा माझा विषय विटा, वाळू आणि सिमेंटचाच असणार. तथापि ज्या प्रश्नाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो, तो केवळ बांधकामाचा नाही. आपण आपल्या शेजाऱ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, असा तो प्रश्न आहे.

बडोद्याच्या पाणी दरवाजाबाहेर पडून पूर्वेस वाघोडियाच्या रस्त्याला लागले की शहर किती पसरले आहे याची कल्पना येते. बडोद्यापासून वाघोडिया सुमारे वीस किलोमीटर. बडोदेकरांना या तालुक्याची जुनी ओळख आहे ती पाण्यामुळे. याच तालुक्यातील आजव्याच्या सयाजी सरोवराचे पाणी १८९२ साली नळाने बडोद्यास पोहोचले. आता या बाजूला औद्योगिक वसाहत आहे, लिमड्याला टायरचा मोठा कारखाना आहे, विद्यापीठे आणि रुग्णालये आहेत. तेथे राबणाऱ्या माणसांना राहावयास घर हवे. बैठा बंगला त्यांच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून शहराच्या कडेला सदनिकांच्या रांगा उठत आहेत. काही सरकारी योजनांतल्या, काही खाजगी बांधकाम व्यावसायिकांच्या.

या इमारतींविषयी आपण काय बोलतो? ‘काड्यापेटीच्या डब्या’, ‘कबुतरांची खुराडी’, ‘चार वर्षांत याची झोपडपट्टी होणार’, आणि हलक्या आवाजात, ‘तिथे कसली माणसे राहायला येतील कोण जाणे’. पहिली दोन वाक्ये रचनेविषयी आहेत, तिसरे देखभालीविषयी आणि चौथे माणसांविषयी. आपण मात्र चारही एका दमात उच्चारतो आणि सारा दोष घराच्या स्वस्तपणावर टाकून मोकळे होतो. माझे आजचे प्रतिपादन असे की, घर स्वस्त असल्याने त्याची अप्रतिष्ठा होत नाही. घराचे मोल आपण उंबऱ्याच्या आतील चौरस फुटांत मोजतो. परंतु इमारतीची प्रतिष्ठा उंबऱ्याच्या बाहेर, म्हणजे जिना, गॅलरी, अंगण आणि गच्ची यांत ठरते. नेमक्या याच गोष्टी स्वस्त घराच्या हिशेबातून प्रथम कापल्या जातात.

ओटला आणि चौक

प्रथम आपल्या गावाकडेच पाहू. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी कुटुंबांचे वाडे होते, तर जुन्या शहरात गुजराती कुटुंबांच्या पोळा. वाड्याला चौक असे, पोळातील घराला ओटला. आजच्या मापाने पाहिले तर वाड्यातील एका बिऱ्हाडाच्या दोन खोल्या काही फार मोठ्या नव्हत्या. पण चौकात धान्य निवडले जाई, मुले तेथेच परवचा म्हणत, पापड-कुरडया वाळत. आलागेला तेथे दिसे आणि नवख्या माणसाला ‘कोण पाहिजे?’ असे विचारले जाई. ओटल्याचेही तसेच. तो घराचाही असतो आणि रस्त्याचाही. अशी अर्धी आपली व अर्धी सर्वांची जागा लहान घराला मोठे करते, आणि कोणी वेगळा पहारेकरी न नेमता घराची राखण करते.

स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी १९१६ साली बडोदे शहराच्या विकासाविषयी अहवाल लिहिला, तो सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत. हिंदुस्थानातील शहरे पाहताना गेडीस यांचा आग्रह असे की, दाट वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढू नयेत. मोडकळीला आलेली मोजकी घरे काढून हवा-उजेड आत घ्यावा आणि चौक, विहिरी, झाडे व देवळे राखावीत. दाटीचे दुखणे घराघरांमधल्या जागेत बरे होते, हे त्यांनी ओळखले होते. शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी हे सूत्र आपल्या नव्या वसाहतींना लागू पडते.

मुंबईच्या चाळींचा धडा

सार्वजनिक पैशांतून मोठ्या प्रमाणावर स्वस्त घरे बांधण्याचा प्रयोग मराठी माणसाने सर्वांत जवळून पाहिला तो मुंबईत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबई शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि त्याने बांधलेल्या चाळी ‘बीआयटी चाळी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे सुमारे दोन दशके वास्तव्य होते. पुढे १९२० साली विकास खाते निघाले आणि त्याने बीडीडी चाळी उभारल्या: वरळीस १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीस १२, अशा एकूण २०७ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक.

या चाळींविषयीचे प्रारंभीचे लोकमत कसे होते? अत्यंत प्रतिकूल. काँक्रीटच्या उदास भिंती, बेताचा उजेड, गिरणीपासूनचे अंतर आणि भाडे या कारणांनी कामगारांनी त्यांकडे पाठ फिरवली. कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. ज्या इमारतीचा सहज तुरुंग करता येतो, तिच्या रचनेविषयी वेगळे काही सांगावयास नको.

आणि तरीही त्याच भिंतींना पुढल्या पिढ्यांनी आपले मानले. त्या खोल्यांत कोकणातून व घाटावरून आलेली कुटुंबे रुजली, मधल्या पटांगणात गणेशोत्सव आणि आंबेडकर जयंती साजरी होऊ लागली, व्यायामशाळा आणि वाचनालये निघाली. काँक्रीट तेच होते. बदलला तो इमारतींमधल्या मोकळ्या जागेचा वापर. ही पटांगणे राखली गेली नसती तर या चाळींचा इतिहास निराळा झाला असता.

अर्थात चाळीच्या आठवणींचे गोडवे गाताना पहाटेच्या शौचालयासमोरची रांग विसरता कामा नये. स्त्रियांना आणि वृद्धांना ती रांग किती जाचक होती, हे तेथे राहिलेल्यांनाच ठाऊक. म्हणून वरळीच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा झालेला आनंद खराच होता. पण १६० फुटांतून ५०० फुटांत जाताना गॅलरीतला शेजार आणि पटांगण यांचे काय होते, हा प्रश्न त्या उंच मनोऱ्यांपुढे आता उभा आहे.

तीस चौरस मीटरांचा हिशेब

आता आजच्या घराचा नकाशा पाहू. जून २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा प्रारंभ झाला. त्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरांपर्यंत धरले होते, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. चटईक्षेत्र म्हणजे भिंती वगळून, प्रत्यक्ष चटई अंथरता येईल एवढी जागा.

समजा, बाहेरची खोली १० चौरस मीटर, आतली साडेआठ, स्वयंपाकघर ५, न्हाणीघर व शौचालय मिळून ३. ही बेरीज साडेसव्वीस झाली. उरलेल्या साडेतीन मीटरांत येण्याजाण्याची वाट, भांडी घासण्याची मोरी, कपडे वाळत घालण्याची जागा, पाण्याचे पिंप आणि देव्हारा. बीडीडीच्या खोलीच्या मानाने जागा दुप्पट झाली, शौचालय घरात आले. ही मोठीच प्रगती आहे. तीस मीटरांत चौघांचे कुटुंब नीट राहू शकते. मात्र त्यासाठी घराला दाराबाहेर काही जागा मिळावी लागते.

येथे नकाशाकाराच्या हाती दोन मार्ग असतात. पहिल्यात एका जिन्याभोवती प्रत्येक मजल्यावर चार घरे येतात. प्रत्येक घराला दोन बाजूंनी बाहेरची भिंत मिळते, एका खिडकीतून आलेला वारा दुसरीतून बाहेर पडतो आणि जिन्यावर भेटणारी माणसे ओळखीची असतात. दुसऱ्या मार्गात मधोमध लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरे. कडेची घरे सोडली तर प्रत्येकाला बाहेरची भिंत एकच मिळते. वारा आत शिरतो, पण बाहेर पडायला वाट नसते, आणि बोळात दिवसाही दिवा लावावा लागतो. मग दुसरा मार्ग का पत्करला जातो? कारण त्यात एक जिना आणि एक उद्वाहन अधिक घरांना पुरते. प्रत्येक घरामागे वाचणारी रक्कम कागदावर स्पष्ट दिसते. हरवलेला वारा कागदावर दिसत नाही.

तो हरवलेला वारा पुढे रुग्णालयाच्या कागदावर दिसतो. मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत या पुनर्वसन वसाहतींमध्ये इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने तेथील चार हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा हवा-उजेडाचा अभाव आणि क्षयरोगाचे प्रमाण यांचा संबंध पुढे आला. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या माणसाला त्या घरानेच आजारी करावे, यापेक्षा रचनेचा मोठा पराभव कोणता?

इमारत लवकर म्हातारी का दिसते

‘चार वर्षांत कळा गेली’ असे आपण म्हणतो आणि रहिवाशांच्या सवयींना दोष देतो. त्यामागची कारणे बरीचशी साधी आणि तांत्रिक आहेत. ती एकेक करून पाहू.

पहिले कारण पाण्याचे ओघळ. खिडकीवरचा छज्जा आखूड केला किंवा गाळला, की पावसाचे पाणी भिंतीवरून वाहते आणि दोन पावसाळ्यांत काळे पट्टे उमटतात. छज्ज्याच्या खालच्या बाजूस कडेजवळ बोटभर रुंदीची खाच ठेवली, तर पाणी तेथेच टपकते व भिंत कोरडी राहते. या खाचेला खर्च जवळजवळ नाही. लागते ती गवंड्याच्या डोक्यावर उभे राहून लक्ष देण्याची तयारी.

दुसरे कारण नळ. न्हाणीघरे नकाशात एकावर एक आली नाहीत, की सांडपाण्याचे नळ दर्शनी भिंतीवरून आडवेतिडवे धावतात. एक सांधा गळू लागला की त्याभोवती ओल, ओलीवर शेवाळ आणि थोड्याच दिवसांत भिंतीत पिंपळाचे रोप.

तिसरे कारण कपडे. घरात वाळवण्याची जागा नसेल तर कपडे रस्त्याकडच्या खिडकीतच येणार. श्रीमंताच्या घरीही कपडे धुतले जातात. त्याच्या नकाशात ते वाळवण्याची जागा मागच्या अंगाला असते एवढाच फरक. कोणाची लुगडी रस्त्यावरून दिसतात यावरून आपण त्यांच्या संस्कारांची परीक्षा करतो, तेव्हा प्रत्यक्षात आपण नकाशाची परीक्षा करीत असतो.

चौथे कारण ऊन. अलीकडे भिंत व छत एकाच वेळी काँक्रीटने ओतण्याची पद्धत रूढ होत आहे. राजकोटला १,१४४ घरांचा असा प्रकल्प झाला. त्याची पायाभरणी जानेवारी २०२१ मध्ये झाली आणि २०२२ साली तो पुरा झाला. काम वेगाने होते, कोपरे सरळ येतात, भूकंपात मजबुती मिळते. २००१ चा भूकंप पाहिलेल्या गुजरातला ही जमेची बाजू महत्त्वाची वाटणारच. परंतु विटेच्या जाड भिंतीपेक्षा काँक्रीटची पातळ भिंत उष्णता लवकर आत सोडते. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वरच्या मजल्यावरील आणि पश्चिमेकडील घरे रात्रीपर्यंत धगधगतात. यावर उपाय आपल्या गुजराती कारागिरांच्या हातात फार दिवसांपासून आहे: गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, म्हणजेच चायना मोझेक. जोडीला पश्चिमेला जिने व न्हाणीघरे, खोल छज्जे आणि एक झाडांची रांग.

पाचवे कारण जोत्याची उंची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला आलेल्या पुराने बडोद्याच्या किती घरांत पाणी शिरले ते आपण जाणतोच. सखल जमीन स्वस्त मिळते आणि स्वस्त घरे तेथे बांधली जातात. तळमजला खांबांवर मोकळा ठेवला तर पूर ओसरून जातो, दुचाक्या उभ्या राहतात आणि लग्नकार्यालाही सावली मिळते.

यांतले काहीही महागडे नाही. तरीही ते वगळले जाते, कारण निविदेतील तुलना घरामागील खर्चाच्या एका आकड्यावर होते आणि वगळलेल्या गोष्टींचे मोल पाच-दहा वर्षांनी, वेगळ्याच माणसाला चुकवावे लागते. वगळण्याची ही सवय दर्जापर्यंत पोहोचली की तिचे मोल प्राणांनी चुकवावे लागते. ऑगस्ट २०१३ मध्ये आपल्याच शहरात अटलादऱ्याच्या माधवनगर वसाहतीत तीन मजल्यांच्या दोन इमारती कोसळल्या आणि दहाहून अधिक माणसे दगावली. त्या काही पुराण्या इमारती नव्हत्या. अल्प उत्पन्न गटासाठी सार्वजनिक यंत्रणेनेच बांधलेल्या होत्या. त्या दिवसानंतर ‘सरकारी घर’ या शब्दाविषयी बडोदेकरांच्या मनात भीती बसली असेल, तर तिला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

माणसाला वाढू देणारे घर

मग स्वस्त आणि तरीही अभिमानाने राहावे असे घर कोणी बांधले आहे काय? बांधले आहे, आणि फार दूर नाही. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्याला झाला, कर्मभूमी अहमदाबाद. २०१८ साली वास्तुकलेतील प्रिट्झकर पारितोषिक मिळालेले ते पहिले भारतीय; २०२३ साली त्यांचे निधन झाले. आपल्या बडोद्यातील खत कारखान्याची वसाहत त्यांचीच.

१९७३ साली अहमदाबादला आयुर्विमा महामंडळासाठी त्यांनी जी घरे बांधली त्यांत नेहमीची उतरंड उलटी होती. सर्वांत मोठे घर तळमजल्यावर, त्याहून लहान मधल्या मजल्यावर आणि सर्वांत लहान सर्वांत वर, पण गच्चीसह. बाहेरच्या अंगाने चढणारा जिना प्रत्येक दाराशी थोडा विसावतो, जणू एकावर एक रचलेले ओटलेच. खालच्याने अंगणात खोली वाढवली, वरच्याने गच्ची बंद करून घेतली. पन्नास वर्षांत ती घरे ओळखू न येण्याइतकी बदलली. दोशींना याचा विषाद वाटला नाही. माणसाने घर आपलेसे केल्याची ती खूण आहे, असे ते मानीत.

होळकरांच्या इंदूरला त्यांनी ‘अरण्य’ वसाहतीची आखणी केली. तेथे बहुसंख्य कुटुंबांना पुरे घर दिलेच नाही. जोते, पाणी, शौचालय आणि एखादी खोली दिली, आणि बाकीचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवावे अशी मोकळीक ठेवली. ते कसे वाढवता येईल हे दाखवण्यासाठी ८० नमुना घरे बांधली. विविध उत्पन्नांचे लोक एकाच वसाहतीत येतील अशी प्लॉटांची योजना केली. या कामाला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला.

आता कोणी म्हणेल, उंच इमारतीत जोते आणि गच्ची प्रत्येकाला कोठून देणार? शंका रास्त आहे. दहा मजली इमारतीत घर वाढवता येत नाही. पण दारासमोर दीड मीटरचा मोकळा कोनाडा, जिन्याच्या विसाव्यावर एक बाक, प्रत्येक तिसऱ्या मजल्यावर मुलांना खेळता येईल अशी उघडी गॅलरी एवढे देता येते. ओटला जमिनीवरच असला पाहिजे असा काही शास्त्राधार नाही.

लोकमत कसे घडते

अमेरिकेत सेंट लुईस शहरी १९५० च्या दशकात प्रुइट-आयगो नावाची ३३ इमारतींची, प्रत्येकी अकरा मजल्यांची वसाहत गरिबांसाठी बांधली. खर्च वाचवण्यासाठी उद्वाहन प्रत्येक मजल्यावर न थांबता काही मजले सोडून थांबे. बांधकामाला केंद्र सरकारचा पैसा मिळाला, पण देखभाल मात्र भाड्यातून व्हायची होती. शहरातील लोकसंख्या ओसरली, भाडेकरू घटले, उत्पन्न आटले. उद्वाहने बंद, दिवे फुटलेले, जिने भयाण. १९७२ ते १९७६ या काळात सगळी वसाहत सुरुंग लावून व यंत्रांनी जमीनदोस्त केली. ‘उंच इमारत गरिबांना मानवत नाही’ असा निष्कर्ष जगभर काढला गेला. तो अपुरा होता. रिकामा पडला होता तो देखभालीचा खिसा.

याच्या उलट व्हिएन्नाचे उदाहरण. तेथील नगरपालिकेने १९३० साली कामगारांसाठी कार्ल मार्क्स होफ ही वसाहत खुली केली. एक किलोमीटरहून लांब, हजारावर घरे. घरे लहानच होती. पण भव्य कमानी, मोठी अंगणे, सामाईक धुलाईघर आणि बालमंदिर ही वसाहतीबरोबरच बांधली. आजही लोक तेथे राहतात आणि प्रवासी ती मुद्दाम पाहावयास जातात. दोन्हीकडे रहिवासी कष्टकरीच. एकीकडे सामाईक जागा टाकून दिली, दुसरीकडे तिच्यावर जीव ओतला.

मात्र लोकमताचा एक भाग असा आहे की जो कोणत्याही नकाशाने सुटत नाही. २०२४ साली बडोद्याच्या हरणी भागात, मुख्यमंत्री आवास योजनेतील ४६२ घरांच्या वसाहतीत, एका मुस्लिम महिलेला मिळालेल्या घराला काही रहिवाशांनी विरोध केला आणि त्याची चर्चा देशभर झाली. घर तिला नियमानुसार मिळाले होते. सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या घराच्या दारावर जातिधर्माची चौकशी होऊ लागली, तर ती इमारत कितीही सुबक असो, तिची प्रतिष्ठा तेथेच संपली. सिंगापूरने १९८९ पासून आपल्या सरकारी वसाहतींत कोणत्या वंशाची किती कुटुंबे असावीत याची मर्यादाच घालून दिली, जेणेकरून एकाच गटाची वेगळी वस्ती होऊ नये. तो उपाय जसाच्या तसा आपल्याकडे चालेल की नाही, यावर मतभेद होतील. परंतु शेजार ही आपोआप घडणारी गोष्ट नसून जोपासावी लागणारी गोष्ट आहे, हे त्यामागचे तत्त्व आपण नाकारू शकत नाही. सयाजीराव महाराजांच्या नगरीला हे कोणी बाहेरून येऊन शिकवावे लागू नये.

पंप कोण दुरुस्त करणार?

शेवटचा मुद्दा रूक्ष आहे, पण साऱ्या विषयाचा कणा तोच. समजा, १०० घरांच्या वसाहतीत प्रत्येकाने दरमहा ३०० रुपये द्यावयाचे ठरले. सगळ्यांनी दिले तर ३०,००० रुपये जमतील. त्यातून उद्वाहनाचा करार, पंपाची व जिन्यातील दिव्यांची वीज, झाडूवाल्याचा पगार आणि टाक्यांची सफाई भागवावयाची. तिसऱ्या महिन्यात ३० घरांनी पैसे थकवले, तर ९,००० रुपयांची तूट. मग प्रथम जिन्यातील दिवे जातात, त्यानंतर सफाई, अखेरीस उद्वाहन. उद्वाहन बंद झाले की सातव्या मजल्यावरील म्हातारी घरात कोंडली जाते आणि ज्यांना परवडते ते घर भाड्याने देऊन निघून जातात. भाडेकरूला सभासदत्व नाही, म्हणून आस्था नाही. आस्था नाही, म्हणून वर्गणी नाही. झोपडपट्टी ‘होते’ ती अशी, पायरी-पायरीने. तिचा रहिवाशांच्या स्वभावाशी काही संबंध नसतो.

माझ्या अनुभवात ज्या वसाहती टिकल्या, त्यांत तीन गोष्टी समान आढळल्या. किल्ल्या देताना घराच्या किमतीतूनच देखभालीचा निधी बाजूला काढलेला होता आणि त्याच्या व्याजावर किमान दिवे व पंप चालत होते. संस्थेचा हिशेब दर महिन्याला जिन्याजवळच्या फलकावर लागत होता. आणि समितीत स्त्रिया होत्या. कारण पाणी केव्हा आले नाही, हे त्यांनाच प्रथम कळते.

समारोप

श्रोतेहो, या सभागृहातील माजी विद्यार्थ्यांत कोणी अभियंते आहेत, कोणी बँकेत, कोणी नगरपालिकेत, कोणी शिक्षक. आपणांपैकी बहुतेकांच्या आजोबांनी बडोद्यात वा मुंबईत वाड्यातील बिऱ्हाड किंवा चाळीतील खोली यांतूनच संसाराला आरंभ केला. तेव्हा लहान घर म्हणजे हलके घर, हे समीकरण आपल्या तोंडी तरी शोभत नाही.

पुढल्या वेळी वाघोडियाच्या रस्त्याने जाताना एखादी नवी वसाहत दिसली, तर तिचा रंग किंवा दर्शनी नक्षी पाहू नका. भरदुपारी तिच्या जिन्यात दिव्याशिवाय उजेड आहे काय, ते पाहा. दोन इमारतींमधल्या जागेत ऊन जमिनीपर्यंत उतरते काय? कपडे कोठे वाळतात? मुले खेळतात ती जागा एखाद्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते काय? आणि खाली फलकावर गेल्या महिन्याचा हिशेब लागला आहे काय? या पाच प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ते घर स्वस्त असले तरी चांगले आहे असे खुशाल समजा. नसतील, तर राहणाऱ्यांना नावे न ठेवता, जे वगळले गेले त्याचा जाब नकाशा मंजूर करणाऱ्यांना विचारा. विचारणारा नागरिक असला, की पुढल्या निविदेत छज्जा आणि गॅलरी परत येतात, असा माझा अनुभव आहे.

माझे विवेचन काहीसे रूक्ष झाले असेल. विषयच मुळी खाचा, नळ आणि वर्गणी यांचा होता.